भाऊजींचं एक वाक्य

नाशिकला जायचं तर लोक काहीतरी पवित्र कारण काढतात. गंगेवर स्नान, त्र्यंबकला पूजा, गेला बाजार कुणाच्या तरी मुलाची मुंज. मी गेले ती माझे भाऊजी सिनेमात काम करणार होते म्हणून. रत्नागिरीत आमच्या गल्लीत ही बातमी ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांतल्या निम्म्यांनी 'हिरोचे वडील का?' असं विचारलं आणि उरलेल्यांनी हसून विषय आंब्याच्या मोहरावर नेला.

मधुकरभाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शालूताईचे यजमान. उमेदीची सगळी वर्षं सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून घालवलेला माणूस. आता निवृत्त होऊन इंदिरानगरात राहतात, सकाळी जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारतात आणि दुपारी टीव्हीवर बातम्या देणाऱ्यांशी भांडतात. नाशकात कामगारांच्या आयुष्यावर एक सिनेमा होणार होता आणि त्यातल्या लहानसहान कामांसाठी खरेखुरे निवृत्त कामगार हवे होते. सातपूरच्या एका हॉलमध्ये निवड होती. भाऊजी तिथे 'सहज बघायला' म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांना निवड झाल्याचा फोन आला. पाठोपाठ मला ताईचा फोन आला. ती म्हणाली, "कुंदा, चार दिवस ये गं. हे मला एकटीला झेपायचं नाही."

मेहुणीला भाऊजींच्या थट्टेचा परवाना असतो. तो मी त्यांच्या लग्नमांडवापासून वापरत आले आहे. अशी संधी सोडणं शक्य नव्हतं.

इंदिरानगर

नाशिकच्या थंडीबद्दल आम्हा कोकणातल्यांना कुणी नीट सांगत नाही. आमच्याकडे जानेवारीत एक पातळ शाल पुरते, आणि तीही मिरवायला. ताईच्या दारात पोचले तेव्हा माझे दात वाजत होते आणि भाऊजी गळ्याला मफलर गुंडाळून ज्येष्ठमधाचं गरम पाणी पीत बसले होते. मला वाटलं, सर्दी झाली असेल. ताई म्हणाली की सर्दी नाही, आवाज सांभाळताहेत.

दाढी वाढलेली होती, कारण दिग्दर्शिकेने वाढवायला सांगितली होती. डोळ्यांवर काळा चष्मा होता. तो मात्र कुणीच सांगितलेला नव्हता. संवाद किती आहेत असं मी विचारलं, तर त्यांनी एक बोट वर केलं. आवाज वाचवत होते ना. एकच वाक्य होतं, आणि ते काय आहे हेही त्यांना अजून ठाऊक नव्हतं. या लोकांची पद्धत अशी की वाक्य आयत्या वेळी सांगायचं, नाहीतर माणसं शाळेच्या गॅदरिंगसारखी घोकून येतात. त्यामुळे भाऊजी नुसत्या आवाजाचाच सराव करत होते. बाथरूममधून कधी खालचा 'सा' यायचा, कधी सुरू न होणाऱ्या स्कूटरसारखं काहीतरी यायचं.

जेवायला बसल्यावर मला पुन्हा एकदा वाईट वाटलं ते ताईच्या आमटीचं. आमच्या आईच्या हाताखाली शिकलेली ही मुलगी, पण नाशिकने तिच्या हातातलं ओलं खोबरं काढून घेतलं आणि काळा मसाला दिला. आमटी चांगली असते, नाही असं नाही. पण ती खाताना आपण पाहुणे आहोत हे विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून भाऊजी आम्हाला मिसळ खायला घेऊन गेले. आमच्याकडे मिसळ म्हणजे एसटी सुटायच्या आत उभ्याने उरकायची गोष्ट. नाशिकची मिसळ ही सहल आहे. गंगापूर रोडच्या पुढे शेतात मांडव घातलेले, मुलांना झोपाळे, मोठ्यांना खाटा, आणि बाहेर नंबर लागण्याची वाट बघणारी नटूनथटून आलेली कुटुंबं. ताटात मिसळ, पापड, दही आणि त्यावर जिलबी. जिलबीचं कारण मी विचारलं तेव्हा भाऊजी म्हणाले की तिखटावर गोड लागतं. मग तिखटच कमी का घालत नाहीत, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी काळ्या चष्म्यातून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिथल्या वेटरने त्यांना 'सर, डोळे आलेत का?' असं विचारलं, तेव्हा कुठे चष्मा खिशात गेला.

सातपूर

शूटिंग ज्या कंपनीत होतं ती भाऊजींचीच जुनी कंपनी. बंद पडून बरीच वर्षं झाली. शेडच्या पत्र्यांवर पिंपळ उगवलेत आणि जिथे सायकली लावायचे तिथे गवत वाढलं आहे. सिनेमावाल्यांनी ती भाड्याने घेतली होती. तिथल्या मोठ्या लोखंडी गेटवर दोन माणसं कामाला लागली होती. ते गेट फार जुनं दिसतं म्हणून त्याला नवा रंग दिला होता, आणि आता तो फार नवा दिसतो म्हणून घासून जुना करणं चाललं होतं. भाऊजी आत शिरल्या शिरल्या गेटवरून हात फिरवून आले. कुणाच्या घरी गेल्यावर लहान मुलाच्या गालाला हात लावतात, तसा.

दिग्दर्शिका ऋचा नावाची तिशीतली मुलगी होती. ओरडणारी, खुर्चीत बसून हुकूम सोडणारी असेल असं मला वाटलं होतं. पण ती सगळ्यांशी हळू आवाजात बोलायची आणि सतत शेंगदाणे खायची. संपाच्या प्रसंगाचं चित्रण होतं. गेटबाहेर कामगार आणि त्यांच्या बायका बसलेल्या दाखवायच्या होत्या, आणि बायका कमी पडत होत्या. तिने आम्हा दोघींना बघितलं आणि विचारलं, "मावशी, बसाल का गर्दीत?"

आता शूटिंग बघायचं म्हणून मी माझी ठेवणीतली नारायणपेठ नेसून गेले होते. ताईने मात्र, अशी वेळ आलीच तर असावी म्हणून, मुद्दाम विटकी साडी नेसली होती. कपडे सांभाळणारी मुलगी आली. तिने ताईला आपादमस्तक पाहिलं आणि ही साडी जरा भारी वाटते म्हणून दुसरी आणायला गेली. माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमची मात्र राहू द्या. अगदी घरात धुऊन धुऊन वापरलेली वाटते." ताई दिवसभर अधूनमधून माझ्या पदराकडे बघून हसत होती.

मग ऋचाने भाऊजींना बोलावून प्रसंग समजावला. आम्ही जवळच सतरंजीवर बसलो होतो, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. संप लांबलेला आहे. लोक थकलेत. एक वयस्कर कामगार एके सकाळी डबा घेऊन येतो आणि सगळ्यांच्या देखत गेटातून आत कामावर जातो. बाहेर त्याचा जिवाभावाचा मित्र उभा आहे. तो मित्र म्हणजे भाऊजी. त्यांनी म्हणायचं वाक्य होतं, "आत गेलास तर परत माझ्या दारात येऊ नको."

भाऊजींनी मान डोलावली. वाक्य पुन्हा सांगायला सांगितलं. ऋचाने पुन्हा सांगितलं. मग आत जाणाऱ्या कामगाराचं काम करणारे गृहस्थ पलीकडून आले. काटक, उन्हाने रापलेले, अंगात खाकी कपडे, हातात डब्याची पिशवी. त्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या शेजारी ताईने माझं मनगट धरलं.

हे वाक्य कुणी लिहिलं, असं भाऊजींनी ऋचाला विचारलं. तिने सांगितलं की लिहिलेलं नाही, एका जुन्या कामगाराने तिला सांगितलेली खरी आठवण आहे. भाऊजींनी गळ्यातला मफलर सोडला, त्याची नीट घडी घातली आणि म्हणाले, "माझं पोट बिघडलंय."

ऋचा घाबरली. लिंबूपाणी आलं, ओवा आला, कुणीतरी गोळी आणली. भाऊजींनी सगळ्यांना हात जोडले आणि रिक्षात जाऊन बसले. आम्ही दोघी त्यांच्यामागे. दुसऱ्याची साडी अंगावरच राहिली म्हणून ताईला परत उतरावं लागलं, तेवढाच उशीर.

घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडले. ताई स्वयंपाकघरात मटार सोलायला बसली आणि मी समोर बसले. मग तिने मला सगळं सांगितलं.

त्या गृहस्थांचं नाव पोपटराव. मखमलाबादचे, फुलं आणि भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. भाऊजी आणि ते कंपनीत बरोबरच लागले होते. शेजारशेजारची मशिनं, एकमेकांच्या डब्यातली भाजी, दोन्ही घरांच्या एकत्र गडावरच्या सहली. मग संप झाला. तो महिनोन्महिने चालला. एके सकाळी भाऊजी डबा घेऊन आत गेले. पोपटराव गेटवर उभे होते आणि ते वाक्य त्यांनी तिथे, त्याच गेटवर भाऊजींना ऐकवलं होतं. जे बाहेर राहिले त्यांना कंपनीने पुन्हा घेतलं नाही. पोपटराव शेतीवर परतले. आणि पुढे काही वर्षांनी कंपनीच बंद पडली, म्हणजे आत गेलेलेही बाहेर आले. पण तोवर बोलणं तुटलं ते तुटलंच. मुलांच्या लग्नाच्या पत्रिका दोन्हीकडून पोचल्या, माणसं पोचली नाहीत.

एवढं मला थोडंफार माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"ते जाणार नव्हते, कुंदा," ताई म्हणाली. "मी डबा भरून हातात दिला. म्हटलं, आज कामावर गेला नाहीत तर मुलांना घेऊन रत्नागिरीला निघून जाते. आणि गेलेही असते."

भाऊजींनी ही गोष्ट कधीच कुणाला सांगितली नव्हती. पोपटरावांनाही नाही. ताईचं नाव मध्ये येऊ न देता त्यांनी ते वाक्य एकट्याने अंगावर घेतलं होतं आणि आजवर बाळगलं होतं. मी आतल्या खोलीकडे पाहिलं. काळा चष्मा टेबलावर पडला होता. एवढी वर्षं ज्याची थट्टा केली तो माणूस मला जरा नव्याने दिसला. अर्थात ताईला मी तसं बोलून दाखवलं नाही. परवाना जायचा.

मटार सोलून झाले तेव्हा ताईने सालं कागदात गुंडाळली आणि म्हणाली की उद्या आपण मखमलाबादला जाऊ.

मखमलाबाद

भाऊजींना आम्ही काळारामाला जातो असं सांगितलं. खोटं नको म्हणून वाटेत पंचवटीत उतरून दर्शन घेतलंही. ताईचा स्वभावच तसा, देवाला साक्षीला घेतल्याशिवाय थाप मारायची नाही.

मखमलाबादला शहर संपता संपत नाही आणि शेत सुरू होता होत नाही. एका बाजूला नवी इमारत, तिच्या बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, आणि कुंपणापलीकडे लगेच झेंडूचे वाफे. आमच्याकडे फूल म्हणजे परसातली अनंताची चार झाडं. इथे झेंडू शेतात भातासारखा लावतात. पिवळ्या आणि केशरी रंगाचे पट्टेच्या पट्टे लांबवर गेलेले. पलीकडे मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर. मी बघत बघत चालत होते आणि नुकतं पाणी दिलेल्या वाफ्यात पाय घातला. पाय बाहेर आला, चप्पल आली नाही. पोपटरावांची आणि माझी ओळख झाली ती अशी, ते कोपरापर्यंत हात चिखलात घालून माझी चप्पल शोधत असताना.

त्यांनी ताईला बघितलं तेव्हा चेहऱ्यावर काही दिसलं नाही. या वहिनी, एवढंच म्हणाले, जणू ती मागच्या आठवड्यातच येऊन गेली होती. त्यांच्या पत्नी मंदाबाई मात्र ताईला बघून चुलीपुढून उठल्या आणि दोघी हात धरून उभ्या राहिल्या.

जेवल्याशिवाय सोडणार नव्हत्याच. बाजरीची भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, कांद्याची पात आणि ठेचा. मंदाबाईंनी ठेचा वाढताना 'बेताचाच तिखट हाय' असं सांगितलं होतं. मी माशाच्या तिखटावर वाढलेली बाई, भरवशावर मोठा घास घेतला. पुढचा काही वेळ मला कुणाचंच बोलणं ऐकू आलं नाही. पोपटरावांनी माझ्यापुढे गुळाचा खडा ठेवला, तेव्हा ती मिसळीवरची जिलबी मला एकदम पटली.

जेवणं झाल्यावर ताईने विचारलं की हे सिनेमाचं काय.

पोपटराव तंबाखू मळत होते. ऋचा जुन्या कामगारांच्या आठवणी गोळा करत त्यांच्याकडे आली होती. त्यांनी गेटवरची हकीकत सांगितली, नाव न घेता. मग तिने त्यांनाच सिनेमात काम कराल का म्हणून विचारलं. पुढे निवड झालेल्यांचे फोटो ती दाखवायला घेऊन आली, त्यात भाऊजींचा फोटो होता.

"मीच सांगितलं त्या पोरीला," पोपटराव म्हणाले. "म्हनलं, बाहेर उभं राहायचं काम या मानसाला द्या. लय वर्सं झाली, त्याला एकदा बाहेर उभा राहिलेला बघायचा होता."

आणि आत जायचं काम तुम्ही का घेतलंत, असं मी विचारलं. ते म्हणाले की ते काम कुणी घेईना. जुने कामगार सगळे बाहेर उभं राहायला तयार होते, आत जायला कुणीच नाही. मग चार पावलं तर चालायची आहेत, असा विचार करून त्यांनी हो म्हटलं.

ताईने पदराचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग तिने सांगून टाकलं. डबा मी भरला होता, धमकी मी दिली होती, ते नको म्हणत होते. एका दमात सांगितलं.

पोपटरावांनी तंबाखू तशीच हातात धरली. बाहेर मंदाबाईंची सून झेंडूची क्रेटं टेम्पोत चढवत होती, तिचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "मंग वहिनी, तुमचं नाव द्यायला पायजे होतं सिनेमात."

हसावं की नाही ते आम्हाला कळेना. मंदाबाई आधी हसल्या, तेव्हा बाकीच्यांना धीर आला. पण पोपटराव हसले नाहीत. ते म्हणाले की मधूने एका शब्दाने सांगितलं असतं तर... निघताना त्यांनी ताईला मेथीच्या जुड्या दिल्या आणि आम्ही येऊन गेल्याचं मधूला सांगू नका म्हणाले. आधी त्याचं पोट बरं होऊ द्या.

पुन्हा सातपूर

ऋचाचा फोन आला. प्रसंग तिने पुढे ढकलला होता, पण फार थांबता येणार नव्हतं. भाऊजी फोन घ्यायला तयार नव्हते. मी बाहेर जाऊन बोलले आणि परत येऊन सहज सांगितलं की काही काळजी करू नका भाऊजी, तुम्ही आराम करा, तुमच्या जागी समोरच्या इमारतीतल्या कुलकर्णींना घेताहेत.

हे कुलकर्णी जॉगिंग ट्रॅकवर भाऊजींच्या पुढे असतात. निवडीला तेही गेले होते आणि परत आले होते. भाऊजी उठून बसले.

"कुलकर्णी? बँकेतला माणूस तो. त्याला गेटवर उभं राहायला येईल का?"

मी म्हटलं, दाढी वाढवायला सांगितलीय म्हणे.

ते पुन्हा भिंतीकडे वळले. थाप आहे हे त्यांना कळलं असावं असं मला आता वाटतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुंदा, ते वाक्य मी ऐकलेलं आहे. म्हणून तोंडातून निघत नाही." मी ज्येष्ठमधाचं पाणी गरम करायला ठेवलं. थोड्या वेळाने त्यांनी ते प्यायलं, आणि सकाळी मफलर गुंडाळून तयार झाले. चष्मा मात्र घरीच ठेवला.

गेटवर पुन्हा सगळी मांडामांड झाली. आम्ही बायका सतरंजीवर, मी माझ्या धुऊन धुऊन वापरलेल्या नारायणपेठेत. भाऊजी गेटच्या एका बाजूला उभे. पोपटराव रस्त्याच्या पलीकडे, हातात डबा. दोघे एकमेकांकडे बघत नव्हते.

ऋचाने इशारा केला. पोपटराव चालत आले. भाऊजींनी वाक्य म्हटलं, पण इतकं हळू की मलाच ऐकू आलं नाही, मग माइकला काय येणार. पुन्हा. या वेळी आवाज निघाला. खरखरीत, बसलेला, कुठलाही सराव न केलेला. बायकांतल्या एकदोघींनी नकळत मान खाली घातली. पण पोपटराव गेटाशी येऊन थांबले.

ऋचा म्हणाली, काका, थांबायचं नाही, आत जायचं. पोपटराव हो म्हणाले. पुन्हा चालत आले, पुन्हा तिथेच थांबले. पुढच्या वेळी तर ते गेटापर्यंत येऊन सरळ वळले आणि बाहेर उभ्या राहिलेल्या कामगारांमध्ये जाऊन उभे राहिले, सवयीने. सगळे हसले. तेही हसले. मग पुन्हा. आणि पुन्हा. थंडीत त्यांच्या कपाळावर घाम आला होता. गेटाच्या अलीकडे त्यांचे पाय असे थांबत, जणू तिथे जमीनच संपली होती. शेवटी ऋचाने सगळ्यांना चहाची सुट्टी दिली.

पोपटराव आमच्यासमोरच्या कठड्यावर बसले. डबा शेजारी ठेवला. भाऊजी जागचे हलले नव्हते. मग त्यांनी कुणाच्या तरी हातातली पाण्याची बाटली घेतली आणि तिकडे चालायला लागले. ताई माझ्या कानाशी म्हणाली, बघ, आधी स्वतः पितील. आणि खरंच, भाऊजींनी बाटली उघडून आधी स्वतः दोन घोट घेतले आणि मग पुढे केली.

पोपटरावांनी ती घेतली, पण प्यायले नाहीत. म्हणाले, "आत जानं सोपं असंल असं वाटायचं मला. पाय उचलत नाय, मधू."

भाऊजी त्यांच्या शेजारी बसले. गेटाकडे बघत राहिले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "कितव्यांदा चाललंय तुझं? मी एका टेकमध्ये गेलो होतो."

ताईने डोळे मिटून घेतले. पोपटरावांनी मान वळवून भाऊजींकडे पाहिलं, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि भाऊजींनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या, जरा जोरातच.

"गेलो खरा," भाऊजी म्हणाले, "पण त्या दिवशी मशीन सुरू नाही केलं. तुझ्या रिकाम्या मशीनशेजारी पाळी संपेपर्यंत नुसता उभा होतो."

ताईलाही हे माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं.

"डबा खाल्ला का?" पोपटरावांनी विचारलं.

भाऊजींनी थोडा विचार केला. "खाल्ला. भूक लागली होती."

पोपटराव म्हणाले की वहिनींनी भरून दिला होता म्हणे. भाऊजींची मान झटकन आमच्याकडे वळली. ताई सतरंजीचा एक निघालेला दोरा फार लक्ष देऊन ओढत होती. काळारामाच्या दर्शनाला गेलेल्या बायका कुठे कुठे जाऊन आल्या हे त्यांना तिथेच कळलं असावं. रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी नुसता मफलर काढून ताईकडे दिला आणि म्हणाले की उकडतंय.

सुट्टी संपली. पोपटराव उठले, डबा घेतला आणि रस्त्यापलीकडे गेले. इशारा झाला. ते चालत आले. भाऊजींनी वाक्य म्हटलं. या वेळी इतकं मोठ्याने म्हटलं की शेडमध्ये झोपलेलं कुत्रं बाहेर पळालं. पोपटराव गेटाशी आले, थबकले, आणि मान खाली घालून आत गेले. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत कुणी हललं नाही. ऋचा शेंगदाणे खायची थांबली होती.

मग तिने हात वर केला आणि सगळे एकदम बोलायला लागले. भाऊजी कुणाशीच बोलले नाहीत. ते गेटातून आत गेले, पोपटरावांना शोधायला. दोघं बराच वेळ आले नाहीत. शेवटी चहावाला आत जाऊन बघून आला. आपापल्या मशिनांच्या जागा कुठे होत्या यावरून दोघं आत वाद घालत होते म्हणे.

रत्नागिरी

सिनेमा आमच्याकडे लागला तेव्हा मी गल्लीतल्या सगळ्यांना घेऊन गेले. हिरोच्या वडिलांची चौकशी करणारे आणि मोहरावर बोलणारे, दोन्ही. चांगला झालाय. गेटचा प्रसंग आला तेव्हा थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. पडद्यावर पोपटराव दिसतात, त्यांचे थांबलेले पाय, घामेजलेला चेहरा, आणि मग ते आत जातात. ऋचाने तिथे एकही शब्द ठेवलेला नाही. भाऊजींचं वाक्य कापलं गेलं. भाऊजी आहेत, पण पाठमोरे. शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं की तुमचे भाऊजी कोणते, आणि मी एका पाठीकडे बोट दाखवलं. माझी नारायणपेठ मात्र स्पष्ट दिसते.

घरी आल्यावर मी अभिनंदन करायला ताईला फोन लावला. सिनेमा लागल्यापासून तिच्या घरात काय चाललंय ते तिने सांगितलं. पोपटराव रोज सकाळी फोन करतात आणि पडद्यावर आपला चेहरा किती मोठा दिसतो ते सांगतात. भाऊजी रोज संध्याकाळी उलट फोन करून सांगतात की प्रसंग खरा उभा राहतो तो पाठीमुळे. दर रविवारी चौघं मिसळ खायला जातात आणि तिथेही हाच विषय. मागच्या रविवारी तर वेटरला पंच नेमलं.

"बोलत नव्हते तेव्हा घरात शांतता होती गं," ताई म्हणाली.

तिच्या मागून भाऊजींचा आवाज येत होता. वरच्या पट्टीत, काही राखून न ठेवता. ते दुसऱ्या फोनवर कुणालातरी विचारत होते की चेहरा काय सगळ्यांनाच असतो, पण अभिनय करणारी पाठ कधी पाहिली आहेस का?